हात वर करायला लावणारा पक्षी

पिपाणीच्या घरात कुणी कुणाला हाक मारत नसे. अबोला होता असं नव्हे. घराच्या खालच्या मजल्यावर पत्र्याच्या पेट्यांचा कारखाना होता आणि सकाळी आठ वाजता तिथे हातोड्यांचा जो ठणठणाट सुरू होई, त्यात घसा फोडून ओरडलं तरी शेजारच्याला ऐकू जात नसे. म्हणून आबांनी, म्हणजे पिपाणीच्या आजोबांनी, फार वर्षांपूर्वी एक युक्ती काढली. घरातल्या प्रत्येकाला एकेक शिट्टी वाटून दिली. विकत मिळते ती नव्हे, तोंडाने वाजवायची. आबांची एक लांब, दोन आखूड. बाबांची दोन लांब. आईची जिन्यासारखी खालून वर चढणारी. दादाच्या तीन आखूड. आणि धाकटीची एकच आखूड, पण शेवटी झोका घेणारी. या धाकटीचं वय दहा, आणि तोंड दिवसभर वाजतं म्हणून नाव पिपाणी.

याशिवाय आणखी एक शिट्टी होती. ती कुणा एकाची नव्हती, सगळ्यांची होती. उंच पट्टीतली, भराभर पाच वेळा. ती धोक्याची. ती ऐकली की ज्याने त्याने जागच्या जागी थांबायचं आणि दोन्ही हात डोक्याच्या वर न्यायचे. पत्रा दाबणारं मशीन खाली येताना माणूस बघत नाही, हात बघत नाही. हात वर असले तर ते मशीनखाली असूच शकत नाहीत, असं आबांचं साधं गणित. त्या गणितामुळे कारखान्यात आजवर कुणाचं बोटसुद्धा चेंगरलं नव्हतं.

आता एक गुपित. वर्षभरापासून आबांना शिट्टी ऐकू येत नव्हती. समोर उभं राहून बोललं की कळायचं, दार आपटलं की कळायचं, ट्रक आला की सगळ्यांच्या आधी कळायचं. पण बारीक, उंच आवाज त्यांच्या कानातून पुसून गेले होते. जन्मभर पत्रा ठोकल्यावर दुसरं काय होणार?

हे फक्त पिपाणीला माहीत होतं. एकदा तिने गंमत म्हणून त्यांच्या पाठीमागे उभं राहून त्यांची शिट्टी सात वेळा वाजवली होती. आबा शांतपणे बिजागऱ्या निवडत बसलेले. आठव्या वेळी त्यांनी मागे वळून पाहिलं, ते तिची सावली पडली म्हणून.

"कुणाला सांगायचं नाही," आबा म्हणाले.

"मग मला काय?"

नातीने असं विचारल्यावर आबांना तिचा अभिमानच वाटला. तिथल्या तिथे करार झाला. तयार झालेली पेटी मजबूत आहे का हे बघायला तिच्यावर उड्या मारून बघत. हे काम आजवर दादाचं होतं, ते पिपाणीला मिळालं. बदल्यात आबांची शिट्टी वाजली की तिने त्यांच्या शर्टाचं टोक ओढायचं, आणि धोक्याची वाजली की पायावर पाय द्यायचा.

आबांना एवढी लपवाछपवी करायची गरज काय, तर पुढच्या महिन्यात कारखान्यात नवं मशीन येणार होतं. त्या मशीनची वाट आबा बारा वर्षं बघत होते. त्याचं चित्र असलेला कागद ते उशीखाली ठेवत. "पहिला पत्रा मीच घालणार आणि मशीनवर मीच बसणार," असं त्यांनी सगळ्यांकडून वदवून घेतलं होतं. कानांचं बिंग फुटलं, तर मशीनपाशी उभंही राहू देणार नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मशीन येण्याआधी कारखान्याचं छप्पर बदलायचं ठरलं आणि आठ दिवस काम बंद. बाबांनी कधी नव्हे ते सगळ्यांना सहलीला न्यायचं मनावर घेतलं. दमट, उष्ण प्रदेशातलं दाट रान, त्यात खांबांवर उभ्या केलेल्या लाकडी खोल्या, भोवती आभाळ झाकून टाकणारी झाडं. अंगावरचे कपडे वाळत नसत, मीठ बरणीतच पाझरत असे आणि बुटात रोज सकाळी कुणीतरी बिऱ्हाड केलेलं असे. कधी बेडूक, कधी गोगलगाय.

"इथे ठणठणाट नाही. आता तरी माणसांसारख्या हाका मारा एकमेकांना," आई पहिल्याच दिवशी म्हणाली, आणि तासाभरात तिनेच पिपाणीला आंघोळीसाठी शिट्टी मारून बोलावलं. सवय ती सवय.

त्यांना रान दाखवायला एक गाइडबाई होत्या. उंच, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्द मोजूनमापून बाहेर सोडल्यासारखं. पहिल्या फेरीत त्यांनी झाडाच्या ढोलीत राहणारा धनेश दाखवला, मांजराएवढी खार दाखवली, आणि दादाच्या पोटरीवरची जळू दाखवली. दादा किंचाळला. त्याबरोबर आईने शिट्टी मारली, बाबांनी मारली, पिपाणीने तर तीनदा मारली.

गाइडबाई थांबल्या. "रानात शिट्ट्या मारू नका."

"प्राणी घाबरतात का?" बाबांनी विचारलं.

"प्राणी नाही घाबरत. पण इथे ऐकणारे पुष्कळ असतात," एवढंच बोलून त्या चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी पिपाणीला अवदसा आठवली. ओसरीवर दहाबारा पाहुणे जेवणाच्या टेबलांवर बसले होते. सगळं कसं शांत, सभ्य. तिने आधी आबांच्या पायावर पाय ठेवला आणि मग धोक्याची शिट्टी वाजवली.

आईचा हात चहाच्या कपासकट वर गेला. दादाचे दोन्ही हात वर, एकात अर्धं केळं. आबांचे वर. बाबांचेही वर. शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ घाबरून स्वतःचेही हात वर करून बसले. चहा आईच्या बाहीतून कोपरापर्यंत उतरला.

"ही शिट्टी खेळायची आहे का?" आई दात ओठ खाऊन म्हणाली.

"मी तपासत होते. सगळ्यांच्या लक्षात आहे का ते."

"तपासणीस बाई, उद्यापासून रानात तुम्ही सगळ्यांच्या मागे चालायचं. माझ्या डोळ्यांसमोर तुझी शिट्टी नको."

तरी त्या दिवशी पिपाणीने ती शिट्टी आणखी चारदा वाजवली. आई नसताना, दादावर. दादा पायऱ्या उतरताना, दात घासताना, आणि दोनदा झोपेत हात वर करून थांबला. एवढं हुकमी खेळणं हातात असताना ते बाजूला ठेवणं कुणाला जमेल?

तिसऱ्या दिवसापासून चमत्कार सुरू झाले. आई डोक्याला साबण लावून न्हाणीत उभी असताना तिची जिन्यासारखी शिट्टी ऐकू आली. ती डोळे मिटून, टॉवेल गुंडाळून दारात आली. "काय आहे?" बाहेर कुणीच नव्हतं. दादा निरीक्षणाच्या मचाणावरून शिट्टी ऐकून एकोणचाळीस पायऱ्या उतरून आला, वर गेला, पुन्हा उतरला. तिसऱ्या वेळी तो थेट पिपाणीच्या अंगावर धावून गेला.

"मी नाही!" ती ओरडली. "माझं तोंड बघ, भरलेलंय!"

आणि तेवढ्यात तिची स्वतःचीच शिट्टी वाजली. एक आखूड, शेवटी झोका. झाडाच्या शेंड्यावरून.

गाइडबाईंनी बोट वर केलं. काळाभोर पक्षी, डोक्यावर तुरा, आणि शेपटीतून निघालेल्या दोन लांब तारा, तारांच्या टोकाला चमच्यासारखी पिसं. "भृंगराज," त्या म्हणाल्या. "नकला करतो. दुसऱ्या पाखरांच्या, खारींच्या, माकडांच्या. तुम्ही त्याला शाळेत घातलंत. हुशार आहे, लवकर शिकला."

घरच्यांनी त्याचं नाव नकल्या ठेवलं आणि नकल्याने घरच्यांना सळो की पळो करून सोडलं. हसावं की रडावं कळेना. आई म्हणायची, "आता वाजली ती खरी की खोटी?" दादाने कानात कापूस घातला. बाबांना मात्र नकल्या एकदाही फसवू शकला नाही. आई आणि दादा धावाधाव करत असताना ते आरामखुर्चीत दुर्बीण पुसत बसलेले असायचे.

"माणसाची शिट्टी कुठली आणि पाखराची कुठली, हे ज्याला कळतं त्याला कळतं," ते मिशीत हसून म्हणायचे.

आबांची गोष्ट वेगळी होती. नकल्याने त्यांची शिट्टी वाजवली, पिपाणीने इमानेइतबारे शर्ट ओढला आणि आबा ओसरी ओलांडून बाबांकडे गेले. "काय रे?"

"काही नाही. मी कुठे बोलावलं?"

दहा मिनिटांनी पुन्हा शर्ट, पुन्हा ओसरी. चौथ्या खेपेला आबा पिपाणीच्या कानाशी कुजबुजले, "अगं, या पाखराने माझे गुडघे काढले. तोंडाचा चंबू कुणी केलेला दिसला, तरच ओढत जा."

पाचव्या दिवशी गाइडबाई त्यांना दलदलीवरच्या फळ्यांच्या वाटेने घेऊन निघाल्या. वाट इतकी अरुंद की एकामागोमाग एकच माणूस. खाली काळं पाणी, त्यात आडवी पडलेली झाडं, वर वेलींचे दोर. सगळ्यांत पुढे गाइडबाई, त्यांच्या मागे आबा, मग आई, दादा, बाबा, आणि शिक्षा झालेली पिपाणी सगळ्यांच्या शेवटी. तिच्यात आणि आबांच्या शर्टात तीन माणसं. तिने आबांकडे बघून खांदे उडवले. आबांनीही उडवले. रानात कोण कशाला शिट्टी मारतंय?

वाटेच्या मध्यावर, बरोबर डोक्यावर, उंच पट्टीत, भराभर पाच वेळा शिट्टी वाजली.

धोक्याची शिट्टी खरी की खोटी असा विचार करायचा नसतो. हात आधी वर जातात, डोकं नंतर चालतं. आई थांबली, हात वर. दादा थांबला, हात वर. बाबा दोन पावलं पुढे जाऊन दादाच्या पाठीवर आपटले, मग त्यांचेही हात वर. पिपाणी तर झाडाच्या फांदीसारखी ताठ उभी राहिली. आणि आबा? आबा गाइडबाईंशी गप्पा मारत, हात मागे बांधून, मजेत पुढे चालले होते.

"या लाकडाला वाळवी कशी लागत नाही हो?" त्यांचा आवाज ऐकू येत होता. पाच पावलं, दहा, वीस. शेवटी मागे कुणीच नाही असं वाटून त्यांनी वळून पाहिलं.

सगळं कुटुंब हात वर करून उभं. आबांनी क्षणभर विचार केला आणि सावकाश स्वतःचे हात वर केले.

"आबा," आईचा आवाज विचित्र झाला होता, "शिट्टी ऐकली नाहीत?"

"ऐकली की! म्हणून तर हात वर केले."

"आत्ता?"

"मी जरा… खात्री करून घेत होतो. हल्ली त्या पाखराचा काही नेम नाही."

तेवढ्यात त्यांच्या थेट डोक्यावरच्या फांदीवर नकल्या येऊन बसला आणि त्याने पुन्हा पाचही शिट्ट्या खणखणीत वाजवल्या. गाइडबाईंनीसुद्धा दचकून वर पाहिलं. आबा हात वर करून प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "आता पुन्हा वाजली, की बघा कसा चटकन ओळखतो."

आबांनी एकेकाचा चेहरा वाचला, शेवटी पिपाणीचा. तिने मान खाली घातली होती. मग त्यांचे हात आपोआप खाली आले.

पुढे पाणपक्षी बघायला बांधलेली एक चौकोनी ओटी होती, बाकं असलेली. तिथे सगळे पोचले आणि सगळं बाहेर आलं. शर्ट, पाय, करार, पेटीवरच्या उड्या. पिपाणीने एका दमात सांगून टाकलं. बोलताना तिला वाटत होतं, फार तर रागावतील. पण आई रागावली नाही. तिने फक्त विचारलं, "आणि तू शाळेत असतेस तेव्हा आबांचा शर्ट कोण ओढतं?"

हा प्रश्न वर्षभरात पिपाणीला एकदाही पडला नव्हता. तिने आबांकडे पाहिलं. आबा चपलेच्या अंगठ्याने फळीवरचं शेवाळ खरवडत होते.

"तेव्हा मी मशीनपासून लांब असतो," ते म्हणाले. "बहुतेक वेळा."

ते 'बहुतेक वेळा' ऐकून पिपाणीने आबांच्या हातांकडे पाहिलं. तिला डोळ्यांसमोर नुसतं मशीन दिसलं, खाली येणारं.

बाबा मात्र भडकले. ते आबांसमोर उभे राहिले आणि बाकीचे तिघं त्यांच्या पाठीमागे. "आबा, पुरे झालं! नियम तुम्हीच केलात ना? ज्याला शिट्टी ऐकू येत नाही त्याने मशीनला हात लावायचा नाही. लहानपणी सर्दीने माझ्या कानांना दडे बसले तरी तुम्ही दाराबाहेर काढायचात. नव्या मशीनचं विसरा. पत्रा घालणं नाही, जवळ उभं राहणं नाही, काही नाही!"

आबा एकदम लहान दिसायला लागले. बारा वर्षं उशीखाली कागद ठेवलेला माणूस. पिपाणीला रडू फुटणार होतं, तेवढ्यात मागच्या वेलीवरून नकल्याची धोक्याची शिट्टी आली. तिघांचे हात वर गेले. बाबांचं बोलणं तसंच चालू होतं.

"…आणि घरी गेल्यावर पहिलं काम म्हणजे तुमच्याकडच्या कारखान्याच्या किल्ल्या…"

आबांनी बाबांच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. मग बाबांकडे पाहिलं. त्यांचे डोळे बारीक झाले आणि मग त्यांनी अगदी सावकाश दोन्ही हात वर केले.

"हात कशाला वर करताय? शरण येऊन काही उपयोग नाही!"

"शरण नाही आलो. शिट्टी वाजली."

"कुठे वाजली?"

"मला काय माहीत बाबा, मी बहिरा. मागे बघ."

बाबा वळले. बायको हात वर करून उभी, मुलगा हात वर करून उभा, मुलगी हात वर करून उभी. गाइडबाईंनी चेहरा दुसरीकडे फिरवला होता, पण त्यांचे खांदे हलत होते.

"पाखराची होती," बाबा म्हणाले. "म्हणून मी लक्ष दिलं नाही."

"मघाशी फळ्यांवर दिलं होतंत," पिपाणी म्हणाली. "दादाला धडकल्यावर."

"तू गप्प बस!"

"ती कशाला गप्प बसेल?" आबांच्या आवाजाला आता धार आली होती. "अरे, वर्षभर मी डोळ्यांनी ऐकतोय. दुसऱ्याचे हात बघून आपले हात वर करणारा माणूस मला लांबून ओळखू येतो. तू सुनेकडे बघून करतोस. मी आपला नातीकडे बघून करतो, एवढाच फरक!"

आईने दोघांनाही बोलू दिलं नाही. "दोघं पाण्याकडे तोंड करून उभे राहा," ती म्हणाली. "हलायचं नाही, मागे बघायचं नाही. पिपाणी, वाजव. आज तुला परवानगी आहे."

पिपाणीने बाबांच्या दोन लांब वाजवल्या. पाण्यावरचे दोन बगळे उडाले. बाबा उभेच. तिने आबांची वाजवली, मग धोक्याची वाजवली, गाल दुखेपर्यंत वाजवली. बापलेक खांद्याला खांदा लावून दलदलीतली कमळं बघत राहिले. मिनिटभराने बाबांनी विचारलं, "सुरू केलं का?"

दादा हसत हसत बाकावर पडला. आईला हसू आलं नाही. ती बाबांच्या पाठीकडे बघत होती.

"वळा," आई त्यांच्या खांद्याला हात लावून म्हणाली. बाबांनी तिचा चेहरा पाहिला आणि काहीही न विचारता बाकावर बसले. आबा त्यांच्या शेजारी बसले.

"कधीपासून?" आबांनी हळूच विचारलं.

"दोन वर्षं झाली असतील. तुम्हाला कळलं आणि नवीन मशीन मला देणार नाही म्हणालात तर?"

"अरे गाढवा, ते तर मी स्वतःसाठी ठेवलं होतं!"

मग मात्र आईलाही हसू आवरलं नाही. हसून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि निकाल दिला. घरी गेल्यावर आधी दोघांनी कानाच्या डॉक्टरकडे जायचं. कारखान्यात शिरणाऱ्या प्रत्येकाने कानांवर झाकणं घालायची, मग दादा असो की पिपाणी. आणि धोक्याच्या शिट्टीच्या जागी लाल दिवा, चारही भिंतींवर, मोठा.

"आणि मशीन?" आबांनी विचारलं. विचारताना ते पाण्याकडे बघत होते.

"मशीनवर मी बसणार."

"तू? तू तर कुलपं आणि रंगाचं बघतेस. पत्रा घालायचा म्हणजे चेष्टा नाही. कोपर कुठे ठेवायचं, वजन कुठल्या पायावर… माझ्याशिवाय तुला हे शिकवणार कोण?"

"तुम्हीच. लाल दिवे बसेपर्यंत मशीनला हात न लावता. कबूल?"

आबांना हवं होतं ते हातातून गेलं होतं, हे पिपाणीला कळत होतं. मग त्यांनी बाकावरची धूळ हाताने झाडली आणि उठले.

"कबूल. पण माझी विद्यार्थिनी आळशी असलेली मला चालणार नाही. उभी राहा."

"इथे?"

"मग काय, मशीन येईपर्यंत वाट बघतेस? हे बाक म्हणजे मशीन. डावा पाय पुढे. कोपर अंगाला. अगं, पत्रा धरायचाय, बाळ नाही! दादा, तू पत्रा हो, आडवा पड."

दादा मुकाट्याने आडवा झाला. आईने त्याचे खांदे धरून त्याला बाकावर सरकवला. आबा तिच्या भोवती फिरत होते, कोपर सरळ करत होते, पायाने तिचा पाय ढकलत होते. बाबा बसल्या जागेवरून चुका काढत होते आणि दोघांकडून बोलणी खात होते. गाइडबाई म्हणाल्या, आज पाणपक्षी राहू दे, हेच बघायला पुरेसं आहे.

पत्रा अर्धा आत गेला असताना वरच्या फांदीवरून नकल्या कडाडला. आईचे हात सपकन वर गेले आणि दादा धपकन खाली पडला.

आबांनी आपल्या सुनेच्या वर गेलेल्या हातांकडे पाहिलं. किती उंच, किती चटकन, कुठलंही बोट मागे राहिलेलं नाही. मग न लपवता, सगळ्यांसमोर, त्यांनी तिचे हात बघूनच आपले हात वर केले. त्यांचे बघून बाबांनी केले.

"अस्सं," आबा म्हणाले. "आता पत्रा उचला. पुन्हा पहिल्यापासून."